माशी, बंदूक आणि गिर्यारोहकाची कडी

कड्यावर चढताना दोर अडकवायला गिर्यारोहक धातूची एक कडी वापरतो. तिची स्प्रिंगची झडप दाबली की उघडते, सोडली की आपोआप मिटते. स्पॅनिशमध्ये या कडीला ‘मोस्केतोन’ म्हणतात, इंग्रजीत आणि सह्याद्रीतल्या आपल्या प्रस्तरारोहकांतही ‘कॅराबिनर’. दोन्ही शब्दांचा डोंगराशी मुळात काही संबंध नाही. ती बंदुकांची नावे आहेत.

‘मोस्केतोन’चे कूळ लॅटिन ‘मुस्का’पर्यंत, म्हणजे चक्क माशीपर्यंत पोहोचते. इटालियनमध्ये तिची ‘मोस्का’ झाली आणि लघुत्ववाचक प्रत्यय लागून ‘मोस्केत्तो’ हा शब्द घडला. आडव्या यांत्रिक धनुष्याच्या छोट्या बाणाला तो वापरीत. पुढे बाण गेला, दारू आणि शिशाची गोळी आली. नाव मात्र नव्या शस्त्राला चिकटले. स्पॅनिश ‘मोस्केते’ आणि इंग्रजी ‘मस्केट’ ही त्याचीच रूपे. घोडेस्वारासाठी मस्केट आखूड केली गेली, ती ‘मोस्केतोन’, इंग्रजीत ‘मस्केटून’. गंमत अशी की लघुत्ववाचक प्रत्ययावर येथे बृहत्त्ववाचक प्रत्यय चढला आहे, आणि वस्तू मात्र लांबीने कमी झाली आहे! व्याकरणाचे वस्तूवर फारसे नियंत्रण नसते, हेच खरे.

इंग्रजी ‘मॉस्किटो’ही याच माशीच्या वंशातला, तो सोळाव्या शतकात थेट स्पॅनिशमधून आला. चिलटासाठीचा ‘मिज’ हा जर्मानिक शाखेतला दूरचा भाऊबंद. आपल्याला येथे ‘मशक’ आठवणे साहजिक आहे, परंतु व्युत्पत्तिशास्त्र त्याचे मूळ वेगळे मानते. ध्वनिसाम्यावरून सोयरीक जुळवण्याचा मोह आवरलेला बरा.

बंदुकीची कडी कशी झाली? घोडेस्वार आपली आखूड बंदूक खांद्यावरच्या पट्ट्याला स्प्रिंगच्या आकड्याने लटकावीत. जर्मनमध्ये त्याला ‘काराबिनरहाकेन’ म्हणत. ‘हाकेन’ म्हणजे आकडा. बोलण्यात नेमका तोच गळाला आणि उरलेले नाव आकड्याचे झाले. ‘गंगेवर गौळवाडा’ या उदाहरणावरून लक्षणा शिकलेल्यांना हे नवल वाटू नये. स्पॅनिशमध्येही शस्त्राचे नाव असेच कडीकडे गेले.

१९१० च्या सुमारास म्युनिकच्या ओटो हेर्त्सोगने ही कडी प्रस्तरारोहणात आणली, असे मानले जाते. इंग्रजीपाशी ‘मस्केटून’ घरचा होता, ‘कार्बाइन’ही होता, तरी कडीसाठी तिने जर्मन शब्दच उचलला. आल्प्समध्ये ज्यांनी अवजार रुळवले, त्यांचा शब्द अवजाराबरोबर आला. स्पॅनिश शब्दकोशात मात्र ‘मोस्केतोन’पुढे आखूड बंदूक आणि कडी हे दोन्ही अर्थ आजही सापडतात.