वायूचा माग

२५ मे १८१२ रोजी ईशान्य इंग्लंडमधल्या फेलिंगच्या कोळसा खाणीत स्फोट झाला. ९२ जण दगावले, त्यांत कोवळी पोरंही होती. खाणीतल्या मिथेनला ना रंग, ना वास. उजेडासाठी नेलेली मेणबत्तीच त्याला पेटवत असे.

तिथले धर्मगुरू जॉन हॉजसन यांनी या दुर्घटनेची हकिकत छापून ती गावाबाहेर पोहोचवली. १८१५ मध्ये शास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही खाणी पाहायला आले, तेव्हा हॉजसन यांनीच वायू बाटल्यांत भरून लंडनला रवाना केला. त्याच वर्षी डेव्ही यांनी दिवा तयार केला. ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी होती, चौरस इंचात ७८४ छिद्रं असलेली. जाळी उष्णता शोषून घेते, त्यामुळे आतली आग बाहेरच्या वायूला पेटवत नाही. डेव्ही यांनी या शोधाचं पेटंट घेतलं नाही.

उजेडासाठी केलेला हा दिवा वायूचा मापकही ठरला. मिथेन हवेपेक्षा हलका, तो छताशी साठतो. म्हणून जाणता कामगार वात बारीक करून दिवा सावकाश छताकडे नेई आणि ज्योतीवर फिकट निळी टोपी चढते का, ते पाही. टोपी जितकी उंच, तितका वायू जास्त. हवेत त्याचं प्रमाण ५ ते १५ टक्के झालं की स्फोटाला एक ठिणगी पुरते. पण दिव्याच्या भरवशावर मालकांनी धोक्याचे म्हणून सोडलेले भागही खणायला घेतले, आणि स्फोट काही थांबले नाहीत.

ज्योतीविना वायू ओळखणं विसाव्या शतकात साधलं. १९२०च्या दशकात अमेरिकेत ऑलिव्हर जॉन्सन यांनी तेलाच्या टाक्यांसाठी तापलेल्या प्लॅटिनमच्या तारेवर चालणारं उपकरण बनवलं. वायू तारेवर जळतो, तार आणखी तापते, तिचा विद्युतरोध बदलतो आणि काटा हलतो.

घरं मात्र नाकावरच विसंबून होती. १८ मार्च १९३७ रोजी टेक्सासमधल्या न्यू लंडन इथल्या शाळेत वास नसलेला नैसर्गिक वायू इमारतीखालच्या पोकळीत साठला आणि स्फोटात सुमारे ३०० मुलं व शिक्षक गेले. त्यानंतर वायूत उग्र वास मिसळणं टेक्सासने कायद्याने सक्तीचं केलं. आपल्या सिलिंडरचा परिचित दर्पही असाच मुद्दाम घातलेल्या मर्कॅप्टनचा. पण झोपलेल्या किंवा सर्दीने नाक चोंदलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग?

याचं उत्तर जपानमधून आलं. तिथं घरोघरी एलपीजी पोहोचला, तसे स्फोटही वाढले. नाओयोशी तागुची यांनी कथील ऑक्साइडचा संवेदक तयार केला आणि १९६८ पासून तो कारखान्यात मोठ्या प्रमाणावर बनू लागला. तापवलेल्या ऑक्साइडला वायू लागला की त्यातून वीज सहज वाहते, आणि भोंगा वाजतो. एवढं स्वस्त नि साधं यंत्र स्वयंपाकघरात परवडण्यासारखं होतं.

आज मुंबई-पुण्यात ते विकत घेताना पहिला प्रश्न असतो तो वायू कोणता याचा. सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा जड, तो ओट्याखाली जमिनीलगत पसरतो आणि सुमारे २ टक्क्यांनाच पेटू शकतो. त्याचा संवेदक जमिनीपासून फूटभराच्या आत हवा. पाइपने येणारा मिथेन वर चढतो, तेव्हा त्याचा संवेदक छताजवळ लागतो. संवेदकाला मुदत असते, ती उलटली की तो बदलावाच लागतो. सिलिंडर सोडून पाइपलाइन घेतली, तर खालचं यंत्र नुसतं वर टांगून भागत नाही. ते मिथेनसाठी बनवलेलं आहे ना, हे आधी पाहून घ्यावं लागतं.