मागून धडकणाऱ्याचा दोष

रस्त्यात एक गाडी दुसरीवर मागून आदळली की पंचनाम्याच्या आधीच निकाल लागतो. भोवती जमलेल्या दहांतले नऊ जण सांगतात, "मागच्याची चूक! त्याला पुढचं दिसत नव्हतं का?" हा निकाल अगदीच खोटा नाही. पण न्यायालय तेवढ्यावर थांबत नाही. का थांबत नाही, हे कळायला मोटारींच्या आधीच्या इंग्लंडात जावे लागेल, कारण आपला नुकसानभरपाईचा कायदा बराचसा तिकडूनच आला.

१८०९ साली किंग्ज बेंच न्यायालयापुढे डर्बीचा एक खटला आला. एका गृहस्थाने घरदुरुस्तीसाठी रस्त्याच्या काही भागावर वासा आडवा टाकला होता. ऑगस्टातली संध्याकाळ, आठाचा सुमार, मेणबत्त्या नुकत्या लागत होत्या. जवळच्या गुत्त्यातून निघालेला एक स्वार भरधाव आला आणि त्या वाशावर आदळून पडला. शंभर यार्डांवरून वासा दिसेल इतका उजेड होता, अशी साक्ष झाली. लॉर्ड एलेनबरो म्हणाले, दुसऱ्याने चूक केली म्हणून स्वतः सावध राहण्याची जबाबदारी सुटत नाही. स्वाराला काही मिळाले नाही. यातूनच पुढे कडक नियम रूढ झाला : फिर्यादीची स्वतःची चूक अपघाताला कारण झाली असेल, तर भरपाई शून्य.

या नियमाला पहिला धक्का दिला तो एका गाढवाने! मालकाने त्याचे पुढचे पाय बांधून त्याला रस्त्यावर चरायला सोडले होते. उतारावरून तीन घोड्यांची मालगाडी वेगात आली. हाकणारा घोड्यांच्या थोडा मागे राहिला होता. पाय बांधलेले गाढव बाजूला होणार कसे? ते चिरडून मेले. १८४२ साली मालकाला चाळीस शिलिंग भरपाई मिळाली. गाडीवाल्याच्या बाजूने म्हणणे पडले की गाढव रस्त्यावर सोडले ही मालकाचीच चूक. बॅरन पार्क यांनी ते मानले नाही. तसे मानले, तर रस्त्यावर झोपलेल्या माणसाच्या अंगावरून गाडी नेणेही क्षम्य ठरेल, असे त्यांनी बजावले. अपघात टाळण्याची शेवटची संधी ज्याच्या हाती होती, दोष त्याचा, हे तत्त्व यातून निघाले. रस्त्यावरची मंडळी "मागच्याची चूक" म्हणतात, तेव्हा नकळत हेच बोलत असतात. कारण ती संधी बहुधा मागच्याकडे असते.

मात्र दोन्ही नियमांत एक उणीव होती. सगळे ओझे एकाच्याच खांद्यावर पडे. इंग्लंडने १९४५ साली कायदा करून दोषाच्या प्रमाणात भरपाई वाटण्याची सोय केली. आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा झाला नाही, तरी न्यायालयांनी तत्त्व स्वीकारले. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात १९५६ साली दुरुस्ती होऊन अपघात दावा न्यायाधिकरणांची वाट मोकळी झाली, आणि ही वाटणी तिथे नित्याची झाली.

१९८९ च्या वाहतूक नियमांत दोन कलमे लागोपाठ होती. तेविसावे मागच्यासाठी : पुढची गाडी अचानक थांबली तरी धडक टळेल इतके अंतर ठेवा. चोविसावे पुढच्यासाठी : सुरक्षिततेची गरज नसेल तर एकदम ब्रेक लावू नका. म्हणजे कायद्याने दोघांचेही कान धरले होते, बरं का!

सर्वोच्च न्यायालयापुढे २०१८ साली दोन प्रकरणे आली. एकात ट्रक आणि मागची मोटार यांत अवघे दहा-पंधरा फूट अंतर होते. ट्रकने ब्रेक लावताच मोटार आदळली. तेविसाव्या नियमावर बोट ठेवून दोष मोटारचालकाचा ठरला. दुसऱ्यात रात्रीच्या वेळी गॅसचा टँकर खुणेच्या दिव्यांशिवाय भर रस्त्यात उभा होता आणि समोरच्या गाड्यांच्या झोताने मोटारचालकाचे डोळे दिपले होते. उच्च न्यायालयाने दोष निम्मा-निम्मा वाटला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो सगळा टँकरचालकावर ठेवला. दोन्हीकडे धडक मागूनच, पण निकाल उलटे.

वाटणीचे उदाहरण कोइमतूरचे. २०१७ साली हमरस्त्यावर एक मोटार अचानक थांबली. अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी मोटारसायकलसह तिच्यावर मागून आदळला, खाली पडला आणि मागून आलेली बस त्याच्या पायावरून गेली. पाय कापावा लागला. गरोदर पत्नीला उलटीची भावना झाली म्हणून थांबलो, असे मोटारचालकाचे म्हणणे. न्यायाधिकरणाने त्याला निर्दोष ठरवले होते. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने हिशेब केला : मोटारचालक ५० टक्के, बसचालक ३० टक्के, विद्यार्थी २० टक्के. अडचण खरी असली, तरी वेगवान रस्त्यावर इशारा न देता थांबणे क्षम्य ठरले नाही. आणि पुरेसे अंतर न ठेवणारा विद्यार्थीही सुटला नाही.

हे आकडे कोरडे वाटतात. पण समजा, दहा लाखांची भरपाई ठरली, तर जखमीच्या नावावरचे वीस टक्के म्हणजे त्याच्या घरात दोन लाख कमी. म्हणून ब्रेकच्या खुणा किती लांब, मागचा दिवा जळत होता की नाही, अंतर किती, हे पंचनाम्यात नीट उतरावे लागते. मागे कोण होता, एवढे सांगून भागत नाही. कोणाला काय दिसत होते आणि कोणाला काय टाळता आले असते, हे विचारावे लागते. डर्बीच्या वाशापासून आजवर न्यायालये हाच प्रश्न विचारत आली आहेत. आपणही रस्त्यातल्या गर्दीत उभे राहून निकाल देण्यापूर्वी तो एकदा विचारून पाहावा.