डेमॉनिक रेझरेक्शन

मुंबईतील मेटल संगीताचा एक प्रमुख वाद्यवृंद. गायक व गिटारवादक साहिल मखीजा यांनी तो २००० मध्ये स्थापन केला. मेटल ही रॉक संगीताची कर्णभेदी शाखा १९७० च्या सुमारास इंग्लंडमध्ये उदयास आली. तिच्या ‘डेथ’ व ‘ब्लॅक’ या उग्र उपशाखांतील गर्जनायुक्त गायनाला या वृंदाने कीबोर्डच्या सुरावटींची जोड दिली. चित्रपटगीतांचे प्राबल्य असलेल्या बाजारपेठेत अशा इंग्रजी गीतांना प्रकाशक मिळणे दुरापास्त होते. म्हणून मखीजा यांनी ‘डीमनस्टीलर रेकॉर्ड्‌स’ ही स्वतःची संस्था काढली. मुंबईच्या उपनगरांत जुहू येथील रॅझबेरी ऱ्हायनॉसरस या क्लबात या संगीताच्या मैफली होत.

डीमनस्टीलर (२०००) या पहिल्या गीतसंचानंतर अ डार्कनेस डिसेंड्स (२००५), बियाँड द डार्कनेस (२००७) व द रिटर्न टू डार्कनेस (२०१०) ही त्रयी प्रसिद्ध झाली. २०१० मध्ये वृंदास ब्रिटनमधील मेटल हॅमर नियतकालिकाचा पुरस्कार लाभला. २०१२ मध्ये त्याने जर्मनीतील वाकन महोत्सवात वादन केले. द डीमन किंग (२०१४) नंतरच्या दशावतार (२०१७) या संचात मत्स्यापासून कल्कीपर्यंत प्रत्येक अवतारावर एक गीत असून भारतीय वाद्यांचाही उपयोग केलेला आहे. नववा अवतार म्हणून त्यात बुद्धाची योजना आहे. पाश्चात्त्य संगीतप्रकार आत्मसात करून त्यास एतद्देशीय आशय देण्याचा हा प्रयत्न उल्लेखनीय होय.