थापांचा मुक्काम गिरणगावात

मुंबईच्या गिरणगावाचा इतिहास आपण बहुधा संपांच्या तारखांवरून वाचतो. 1854 साली ताडदेवच्या पहिल्या कापड गिरणीची कंपनी उभी राहिली आणि 18 जानेवारी 1982 रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा शेवटचा मोठा संप सुरू झाला. या सव्वाशे वर्षांत गिरण्या किती, साचे किती, पगार किती, याचे हिशेब लिहिले गेले. पण परळ-लालबागचा माणूस दिवसभराच्या घामानंतर हसत कशावर होता, हा प्रश्न इतिहासाच्या पुस्तकात फारसा येत नाही. तो आपण विचारायला हवा. आपण म्हणजे मराठी बोलणाऱ्या मुसलमानांनी तर नक्कीच, कारण त्या हसण्यात आपलाही हिस्सा आहे.

सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीहून माणूस मुंबईला आला तेव्हा त्याच्याजवळ एक वळकटी, एक ट्रंक आणि गावच्या थापा एवढीच मालमत्ता होती. वळकटी पसरायला जागा मिळाली ती गावच्या खोलीत. एकेका खोलीत वीस-तीस पुरुष राहत. एक पाळी कामावर गेली की दुसरी तिच्या जागेवर झोपायची. जेवण खानावळीत. बायकापोरे गावी. अशा खोलीत करमणूक म्हणजे भजन नाहीतर गप्पा. कोकणी मुसलमानांच्या गावोगावच्या जमातीच्या खोल्याही डोंगरी-माझगाव भागात अशाच होत्या. फरक एवढाच, की तिथे गिरणीच्या भोंग्याऐवजी आगबोटीच्या भोंग्याची वाट पाहणारे खलाशी असत आणि थापेत शेताऐवजी समुद्र असे.

या थापांची जात कशी होती? एकजण म्हणायचा, आमच्या गावी एवढा मोठा भोपळा धरला, की त्याच्या सावलीत अख्खी वरात जेवली. दुसरा शांतपणे सांगायचा, आमच्या तालुक्याला एक कढई बनतेय, शंभर लोहार आत बसून ठोकतात, पण एकाचा घाव दुसऱ्याला ऐकू जात नाही. पहिला विचारतो, "एवढी कढई कशाला रे बाबा?" "तुझा भोपळा शिजवायला!" ही गोष्ट नावे बदलून जगभर सांगितली जाते. जर्मन बॅरन मुंखहाउझेनच्या नावावर थापांचे पुस्तकच 1785 साली निघाले. तरी प्रत्येक गावाला ती आपल्याच शिवारात घडली असे वाटते.

दुसरी एक गोष्ट माझ्या विद्यार्थ्याच्या आजोबांनी मला सांगितली. त्यांनी लालबागला तीस वर्षे साचे चालवले होते. एक गडी रानातल्या वाघाची हकिगत सांगत असतो. वाघ पुढे, मागे दरी, हातातली काठी मोडलेली. ऐकणारे श्वास रोखून विचारतात, मग? "मग काय, खाल्लं मला वाघानं." "अरे, पण तू तर आमच्यापुढं जिता बसलास!" तो खोलीभर नजर फिरवून म्हणतो, "ह्याला जितं म्हणता व्हय?" आजोबा म्हणाले, "मास्तर, ह्या गोष्टीला आम्ही दर वेळी हसायचो, आणि दर वेळी हसून झाल्यावर थोडा वेळ कुणी बोलायचं नाही."

बतावणीचे घर

गावच्या या थापेला रंगमंच आधीच मिळालेला होता. तमाशात गण होतो, गवळण होते आणि मुख्य वग सुरू होण्यापूर्वी बतावणी येते. बतावणी म्हणजे सोंगाड्याचे राज्य. त्याच्या बापाची जमीन आभाळाएवढी, त्याची म्हैस विहीरभर दूध देणारी, आणि पायात वहाण मात्र उसनी. लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशाचे फड उतरत आणि गिरणीतून सुटलेला कामगार बतावणी ऐकायला जाई. परळच्या दामोदर नाट्यगृहात, म्हणजे 1922 साली उघडलेल्या दामोदर ठाकरसी हॉलमध्ये, कोकणातल्या कामगारांची नाटके रंगत.

उर्दू शिकवता शिकवता माझ्या लक्षात आलेली एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. या सगळ्या करमणुकीचा शब्दसंग्रह पाहा. तमाशा हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आला. शाहीर म्हणजे आपला शाइर. नक्कल, मस्करी, सवाल-जवाब, हजरजबाबी यांची मुळे अरबी. गप आणि मजा फारसी. बतावणी हिंदुस्थानी 'बताना'वरून आलेली. बढाईला मराठी माणूस शेखी म्हणतो, त्यातला शेख तर उघडच आहे! थाप हा शब्द मात्र अस्सल देशी. थाप इथल्या मातीची आणि ती मारण्याची बहुतेक सामग्री फारसी-अरबीतून आलेली. हे मिश्रण कुणी ठरवून केले नाही. शेकडो वर्षे एका पारावर बसणाऱ्या माणसांकडून ते आपोआप झाले.

माणसांचेही तसेच. पेशवाईच्या काळात लावणी गाजवणारे सगनभाऊ मुसलमान, धंद्याने शिकलगार. मुंबईच्या तमाशाचे बादशहा पठ्ठे बापूराव म्हणजे ब्राह्मण घरातले श्रीधर कुलकर्णी. उर्दूतही हेच दिसते. 'फसाना-ए-आझाद'मधला खोजी हा उर्दूतला सर्वांत मोठा बढाईखोर. अंगाने चिमूटभर, पण तोऱ्याने रुस्तम. त्याला जन्म दिला रतननाथ सरशार या काश्मिरी पंडिताने, 1878 पासून लखनौच्या 'अवध अखबारा'त. अमीर हमजाच्या दास्तानीतला अमर अय्यार आणि आपला सोंगाड्या शेजारी बसवले, तर दोघे चुलतभाऊ वाटतील. अय्यारच्या जंबील नावाच्या झोळीत अख्खी दुनिया मावते, सोंगाड्याच्या बटव्यात अख्खा गाव! फरक नशिबाचा. दास्तानीचे 46 खंड नवलकिशोर छापखान्याने छापले. सोंगाड्याची बतावणी बहुतेक हवेत विरली.

थाप शेटजींच्या तोंडी

गिरणगावाने थापेत एक मोठा बदल केला आणि त्यामागे एक मुसलमान शाहीर होता. बार्शीचा मेहबूब पटेल, म्हणजेच शाहीर अमर शेख. जन्म 1916 चा. ओव्या-गाण्यांचा वारसा आई मुनेरबीकडून मिळालेला. स्वतः गिरणीत राबलेला. 1944 साली अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांच्या सोबतीने त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. अण्णा भाऊ वाटेगावचे, मातंग समाजातले. या कलापथकाने 'अकलेची गोष्ट', 'शेटजींचे इलेक्शन', 'देशभक्त घोटाळे' असे तमाशे कामगार वस्तीत नेले. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारने तमाशावर बंधने आणली, तेव्हा हाच खेळ लोकनाट्य या नावाने उभा राहिला.

बदल कोणता? गावच्या बतावणीत गरीब सोंगाड्या स्वतःची बढाई मारतो आणि लोक त्याच्या फाटक्या धोतराला हसतात. कलापथकाच्या तमाशात बढाई मारतात शेटजी आणि पुढारी. सोंगाड्या फक्त 'जी, जी' करत एकेक साधा प्रश्न विचारतो आणि शेटजींची थाप त्यांच्याच अंगावर कोसळते. चाळीच्या मैदानात जमिनीवर बसलेला कामगार तेव्हा ज्या माणसाला हसत होता, त्याच्यापुढे दुसऱ्या दिवशी त्याला मान खाली घालून उभे राहायचे होते. त्या हसण्याची किंमत ज्याने नोकरी केली आहे त्याला समजेल.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अमर शेखांचा आवाज मुंबईभर घुमला आणि 1 मे 1960 रोजी राज्य झाले. पुढे 1969 साली 18 जुलैला अण्णा भाऊ गेले आणि 29 ऑगस्टला अमर शेख.

खुर्चीवरचे आणि जमिनीवरचे

याच सुमारास गावची गप दुसऱ्या वाटेनेही मुंबईत आली. द. मा. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर यांनी कथाकथनाचे कार्यक्रम सुरू केले. मिरासदारांच्या भोकरवाडीतल्या चकाट्यांनी सभागृहे हसवली. गिरगाव-दादरचा पांढरपेशा वाचक खुर्चीवर बसून जे ऐकत होता, त्याच गोष्टी दोन मैलांवरच्या परळला गावच्या खोलीत रोज घडत होत्या. मिरासदारांनी ते लिहिले म्हणून 2021 साली ते गेल्यानंतरही भोकरवाडी शाबूत आहे. परळच्या खोलीत कोण लिहिणार?

दोन्ही वाटा काही काळ एकत्र आल्या त्या नायगावच्या गिरणी कामगाराच्या मुलामुळे. दादा कोंडके यांनी 1965 साली वसंत सबनिसांचे 'विच्छा माझी पुरी करा' रंगभूमीवर आणले, तेव्हा बतावणीतला हवालदार खुर्चीवाल्यांनाही हसवून गेला. 1980 साली गंगाराम गवाणकरांच्या 'वस्त्रहरण'ने तेच मालवणीत केले.

मग 1982 आला. संप फसला, गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, खोल्या विकल्या गेल्या, माणसे गावी किंवा दूरच्या उपनगरांत गेली. थापेला सांगणारा लागतो, तसा ऐकणाराही लागतो. तो फड मोडला. दामोदर नाट्यगृहही 2023 साली पुनर्विकासासाठी बंद झाले.

आपले हसू

1990 साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आपल्या लेखकांनी असुरक्षितता, गरिबी, स्त्रियांचे दुःख, संशयाच्या नजरा यांवर लिहिले. ते लिहिणे गरजेचेच होते. पण आपला शेजारी आपल्याला केवळ दुःखाने ओळखू लागला, तर ती ओळख अर्धी राहते. ज्याच्यासोबत आपण हसलो, त्याला परका म्हणणे फार अवघड असते.

नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या माणसांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून त्यांचे पुस्तक केले. 2004 साली ते इंग्रजीत आले, पुढे मराठीतही. आपणही थोडे करू शकतो. मदनपुऱ्यात साचे चालवलेले मोमीन बुजुर्ग, डोंगरीतले जुने खलाशी, चिपळूण-दापोलीच्या मोहल्ल्यातल्या दाद्या-नान्या अजून आहेत. ईदच्या सुट्टीत त्यांच्याजवळ बसावे, मोबाइल चालू ठेवावा आणि एवढेच विचारावे, "गावाकडची सगळ्यात मोठी थाप कोणती?" आधी ते नाही म्हणतील. मग हसतील. नंतर त्यांना थांबवणे कठीण जाईल. ते सारे जसेच्या तसे, त्यांच्याच बोलीत लिहून ठेवावे. खरे-खोटे तपासत बसू नये. भोपळा किती मोठा होता हे इतिहासाला नको आहे. तो कुणी कुणाला सांगितला आणि ऐकणारे कोण कोण होते, हे मात्र उद्या विचारले जाईल.