संगणक सुरू होतो, पण पडदा काळाच : दोष शोधण्याचा क्रम

दिल्लीतील नेहरू प्लेस ही संगणक, त्याचे सुटे भाग आणि दुरुस्ती यांसाठी देशभर ओळखली जाणारी बाजारपेठ आहे. दिल्लीसह नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम आणि फरिदाबाद येथील ग्राहक आपले नादुरुस्त संगणक येथे घेऊन येतात. बटण दाबताच पंखा फिरतो, दिवा लागतो, परंतु पडद्यावर काहीही उमटत नाही, ही डेस्कटॉप संगणकाची नेहमी आढळणारी तक्रार आहे. असा संगणक निकामी झाला असे समजून तो भंगारात देणे घाईचे ठरू शकते. पुष्कळदा दोष एखाद्या सैल केबलमध्ये किंवा रॅमच्या जोडणीत असतो आणि हार्ड डिस्कवरील माहिती सुरक्षित असते.

पडदा काळा का राहतो?

वीज मिळाल्यावर संगणक प्रथम स्वतःची तपासणी करतो. प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स हे भाग प्रतिसाद देतात की नाही, हे बायोस ही मूलभूत प्रणाली पाहते. यांपैकी एकाने प्रतिसाद दिला नाही, तर काम तेथेच थांबते. पंखे मात्र वीज मिळताच फिरू लागतात. म्हणूनच पंखा फिरणे म्हणजे संगणक चालू होणे नव्हे.

प्रथम बाहेरची तपासणी

मॉनिटरचा दिवा लागला आहे का, हे आधी पाहावे. मॉनिटरवर 'सिग्नल नाही' असा संदेश येत असेल, तर त्याला वीज मिळत आहे, मात्र चित्र पोहोचत नाही. व्हीजीए, एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट यांपैकी योग्य इनपुट निवडले आहे याची खात्री करावी. शक्य असल्यास दुसरी केबल आणि दुसरा मॉनिटर लावून पाहावा.

संगणकात स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असल्यास केबल त्या कार्डालाच जोडलेली असावी. काही प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्सची सोय नसते. अशा संगणकात मदरबोर्डच्या जोडणीतून चित्र मिळत नाही.

कीबोर्डवरील कॅप्स लॉक कळ दाबल्यावर तिचा दिवा लागत आणि विझत असेल, तर संगणक बहुधा आत व्यवस्थित चालू आहे. अशा वेळी दोष मॉनिटर, केबल किंवा ग्राफिक्समध्ये शोधावा.

कॅबिनेट उघडल्यावर

कॅबिनेट उघडण्यापूर्वी वीजपुरवठ्याची केबल काढावी आणि चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे. अंगावरील स्थिर विद्युतभारामुळे नाजूक भाग बिघडू शकतात. त्यामुळे आतील भागांना हात लावण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करावा. वीजपुरवठा करणारा एसएमपीएस मात्र कधीही उघडू नये. वीज बंद केल्यावरही त्यात धोकादायक विद्युतभार शिल्लक असू शकतो.

उत्तर भारतात उन्हाळ्यात येणाऱ्या धुळीच्या वादळांमुळे बारीक धूळ कॅबिनेटमध्ये शिरते. ती मऊ ब्रशने किंवा हवेच्या झोताने काढावी. त्यानंतर रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने हलक्या हाताने पुसाव्यात आणि दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या बसेपर्यंत ती पुन्हा दाबून लावावी. दोन रॅम असल्यास एका वेळी एकच लावून पाहावी. डीडीआर ५ प्रकारची रॅम नव्याने बसवल्यास पहिल्यांदा चित्र येण्यास काही मिनिटे लागू शकतात, हेही लक्षात ठेवावे.

मदरबोर्डला २४ पिनांची मुख्य जोडणी असते आणि प्रोसेसरसाठी ४ किंवा ८ पिनांची वेगळी जोडणी असते. ही दुसरी जोडणी सुटली, तर पंखे फिरतात, पण प्रोसेसर चालत नाही.

तरीही चित्र न आल्यास केवळ प्रोसेसर, त्याचा पंखा, एक रॅम आणि ग्राफिक्सची सोय एवढेच भाग ठेवून संगणक सुरू करावा. मदरबोर्डवरील स्पीकरमधून येणाऱ्या बीप आवाजांची संख्या दोषाची दिशा दाखवते. तिचा अर्थ बायोसच्या निर्मात्यानुसार बदलतो. त्यामुळे तो मदरबोर्डच्या माहितीपुस्तिकेतच पाहावा.

वीज बंद ठेवून सीआर २०३२ ही नाण्याच्या आकाराची बॅटरी काही मिनिटे काढल्यास अनेक मदरबोर्डवर बायोसची मांडणी मूळ स्थितीत येते. हार्ड डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर या बदलानंतर रिकव्हरी की विचारली जाऊ शकते. ती आधी शोधून ठेवावी.

माहिती आणि भंगार

मदरबोर्ड खरोखरच निकामी झाला असला, तरी हार्ड डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून बहुतेक वेळा माहिती मिळवता येते. कुलूपबंद डिस्कसाठी तेथेही रिकव्हरी की लागते. दुरुस्तीला देताना कोणते भाग तपासले हे सांगावे आणि नवा भाग विकत घेण्यापूर्वी चालू स्थितीतील भाग लावून खात्री करून देण्यास सांगावे. शक्य असल्यास हार्ड डिस्क स्वतःजवळ ठेवावी.

ईशान्य दिल्लीतील सीलमपूर येथे जुने संगणक मोठ्या प्रमाणावर सुटे केले जातात. तारा जाळून तांबे काढणे आणि आम्लाने सर्किट बोर्डांतील धातू वेगळे करणे या पद्धतींमुळे तेथील कामगारांच्या आरोग्याला व परिसराला धोका निर्माण होतो. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आहेत. दुरुस्ती अशक्य ठरल्यास डिस्कवरील माहिती काढून व पुसून संगणक नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे किंवा उत्पादकाच्या संकलन व्यवस्थेकडे सोपवावा.