गाडीचा पडाव : नागपूर–रायपूर वाटेवरचे उन्हाळी मुक्काम

छत्तीसगडच्या मैदानात गाडी घेऊन निघावे, झाडाखाली उतरावे, तिथेच रांधावे आणि उघड्यावर निजावे, ही रीत मोटारीच्या फार आधीची आहे. रायपूरला आगगाडी पोचण्यापूर्वी लांबचा प्रवास याच पद्धतीने होई, आणि त्यातला मोठा भाग उन्हाळ्यात होई. आज सहलीसाठी जे हौसेने केले जाते ते तेव्हा गरजेने करावे लागे. पण त्या गरजेतून मुक्कामाची एक जाणती शिस्त घडली, आणि ती या प्रदेशाच्या इतिहासाचा महत्त्वाचा भाग आहे.

प्रवासाला उन्हाळा का निवडावा, याचे उत्तर जमिनीत आणि नद्यांत आहे. नागपूरहून रायपूरला येताना कन्हान, वैनगंगा, बाघनदी, शिवनाथ आणि खारून ओलांडाव्या लागतात. पूल नव्हते तेव्हा पावसाळ्यात या नद्या महिनोन्महिने वाट अडवून धरत. काळ्या जमिनीत चाक रुतले की निघत नसे. दिवाळीनंतर जमीन वाळायला लागे, पण त्याच वेळी धानाची कापणी आणि मळणी चालू असे. बैल आणि माणूस दोन्ही अडकलेले. हे मैदान मुख्यतः एका पिकाचे. मळणी उरकली की बैल मोकळे होत, शेते रिकामी पडत, बांध फोडून गाडी सरळ शेतातून हाकता येई आणि नद्या गुडघाभर पाण्यावर येत. छत्तीसगडात अक्तीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, शेतीचे नवे वर्ष सुरू होते. त्याच्या आगेमागे लग्नसराई असते. त्यामुळे माघापासून वैशाखापर्यंत धान्याच्या, जत्रेकऱ्यांच्या आणि वऱ्हाडाच्या गाड्या वाटेवर दिसत.

गाड्यांच्याही आधी या वाटा लमाणांच्या होत्या. चाक चालेल असा रस्ता घाटात नव्हता, म्हणून छत्तीसगडचे धान्य बैलांच्या पाठीवर बाहेर जाई आणि येताना त्याच पाठीवरून मीठ येई. सतराव्या शतकात हिंदुस्थानात फिरलेल्या ताव्हर्निये या फ्रेंच व्यापाऱ्याने दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. 1741 मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर बंगालच्या मोहिमेवर निघाले आणि वाटेत त्यांनी रतनपूर घेतले. अशा फौजांचा दाणागोटाही तांड्यांच्याच भरवशावर चाले. 1790 मध्ये डॅनियल लेकी हा इंग्रज कटकहून नागपूरला आला. त्याच्या प्रवासवृत्ताच्या मथळ्यातच दक्षिणेकडील ‘बंजारे घाटा’चे नाव आहे. डोंगरातल्या वाटेची ओळख तिच्यावरून जाणाऱ्या तांड्यांनी ठरावी, इतका त्यांचा राबता होता.

तांड्याचा तळ ठरलेल्या पद्धतीने पडे. धान्याच्या गोण्या एकावर एक रचून भिंत उभी करायची, वर पाल ओढायचे, आणि त्या आडोशाला माणसे, चुली आणि लहान जनावरे. बैल चरायला सोडलेले, राखणीला कुत्री. कुठे किती दिवस थांबायचे हे नायक ठरवी, आणि ते ठरवताना पहिला विचार चाऱ्याचा आणि पाण्याचा असे. हजारो बैलांना एका दिवशी पाणी पाजेल असा तलाव वाटेवर नसेल, तर ती वाटच सोडून द्यावी लागे.

भोसल्यांच्या काळात छत्तीसगडची राजधानी रतनपूर होती. बिंबाजी भोसले 1758 ते 1787 तिथूनच कारभार पाहत. 1818 नंतर इंग्रज अधीक्षक कर्नल ॲग्न्यू यांच्या वेळी मुख्य ठाणे रायपूरला आले आणि नागपूर–रायपूर वाटेचे महत्त्व वाढले. 1854 मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाले, 1861 मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला, आणि पुढे भंडारा, साकोली, देवरी, राजनांदगाव, दुर्ग या मार्गाने रायपूरला जाणारा ग्रेट ईस्टर्न रोड आकाराला आला. रायपूरकर आजही शहरातल्या त्या रस्त्याला जी. ई. रोड म्हणतात. रस्ता झाला तसे घाटातले ओझ्याचे बैल मागे पडले आणि गाड्यांचे दिवस आले.

बैलगाडी दिवसाला पंधरा ते वीस किलोमीटर चाले. नागपूर–रायपूर अंतर तीनशे किलोमीटरच्या आत असले, तरी त्याला पंधरवडा सहज लागे. चैत्रानंतर दिवसा गाडी हाकणे शक्यच नसे. उन्हे कलली की बैल जुंपायचे, चांदणे असेल तर मध्यरात्र उलटेपर्यंत चालायचे, थोडी विश्रांती घ्यायची आणि पहाटे पुन्हा निघून उन्हे तापायच्या आत पडाव गाठायचा. रानातून जाताना गाड्या एकट्या निघत नसत. पाच-दहा गाड्यांचा मेळ जमला की मगच घाट चढायचा. पुढच्या गाडीला कंदील आणि बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा. वाघाचे भय खरे होते. रात्री थांबावे लागले तर गाड्या कड्याने लावून जनावरे आत बांधत आणि बाहेर जाळ करत.

पडावावर गाडीचेच घर होई. बैल सोडून जुवाखाली टेकू दिला की साटा सपाट होई. त्यावर तणसाचा जाड थर आणि वर घोंगडी अंथरलेली असे. हे तणस म्हणजे प्रवासाची गादी आणि बैलांची शिदोरी दोन्ही. रोज थोडे बैलांपुढे जाई, त्यामुळे घर जवळ येई तसे अंथरूण पातळ होत जाई. बायका-मुले तट्ट्याच्या छपराखाली, गाडीवान गाडीखालच्या सावलीत, बैल चाकांना बांधलेले. गाडीखाली वंगणाचा नळा लटकत असे, आणि निघण्यापूर्वी कण्याला तेल घालणे हे गाडीवानाचे पहिले काम. तीन दगडांच्या चुलीवर रात्रीच भात करून पाण्यात घालून ठेवत. सकाळच्या पडावावर तेच बासी कांदा-मिरचीबरोबर खायचे. छत्तीसगडचे हे उन्हाळी अन्न प्रवासालाही तितकेच सोयीचे: दिवसा जाळ करावा लागत नाही आणि पोटात गारवा राहतो.

पडावाची जागा निवडण्यात मोठे शहाणपण होते. पाणी आणि सावली दोन्ही हवी, म्हणून तलावाकाठची आमराई पहिल्या पसंतीची. आंब्याची सावली ऐन वैशाखातही दाट राहते, उलट साग त्या दिवसांत निष्पर्ण असतो. तलाव माणसांना आणि बैलांना जितका लागे, तितकाच गाडीलाही लागे. कोरड्या उन्हात चाकाचे लाकूड आकसते, आरे खुळखुळतात आणि लोखंडी धाव सैल होऊन निखळते. म्हणून गाडीवान चाके काढून तलावात उभी करी. रात्रभर पाणी पिऊन लाकूड फुगले की धाव पुन्हा घट्ट बसे. प्रवासवर्णनांत वाघ भेटतो, वाटमारे भेटतात, पण तलावात भिजत पडलेले चाक फारसे भेटत नाही. उन्हाळी प्रवासाचे खरे गमक मात्र तेच होते.

या वाटेला तलावांची उणीव नव्हती. भंडाऱ्याकडे कोहळी समाजाने बांधलेले तलाव होते, नवेगावबांध त्यांतला सर्वांत नावाजलेला. रायपुरात बूढा तालाब, महाराजबंध, कंकाली, तेलीबांधा असे तलाव शहराला वेढून होते. शेतीसाठी, देवळासाठी, पुण्यासाठी खोदलेल्या या पाण्यावर प्रवाशाचाही हक्क मानला जाई. पडावाचे भाडे कोणी मागत नसे. झाडाला कुऱ्हाड लावायची नाही आणि पिण्याच्या घाटावर जनावर उतरवायचे नाही, एवढे पाळले की पुरे.

या वाटेवरचा सर्वांत प्रसिद्ध प्रवासी चौदा वर्षांचा मुलगा होता. 1877 मध्ये नरेंद्रनाथ दत्त, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, आई भुवनेश्वरी देवी आणि भावंडांसह कोलकात्याहून रायपूरला आले. वडील विश्वनाथ दत्त वकिलीच्या कामासाठी आधीच तिथे गेले होते. रेल्वे 1867 मध्ये नागपूरपर्यंत पोचली होती, त्यापुढे नव्हती. त्यामुळे हे कुटुंब अलाहाबाद, जबलपूरवरून आगगाडीने नागपूरला आणि तिथून पंधरवड्याहून अधिक दिवस बैलगाडीने रायपूरला गेले. चरित्रकारांनी या प्रवासातला एक प्रसंग नोंदवला आहे. दोन्ही बाजूंनी डोंगर जवळ आलेल्या एका ठिकाणी कड्याच्या भेगेत वरपासून खालपर्यंत लोंबणारे प्रचंड मोहोळ मुलाने पाहिले आणि तो काही काळ देहभान विसरला. चरित्रांत विंध्याचे नाव येते. नागपूर–रायपूर वाट मात्र सातपुडा-मैकलच्या दक्षिण टोकाजवळून जाते, आणि गोंदिया जिल्ह्यातल्या दरेकसा परिसरातले लोक ती जागा आपल्याकडची मानतात. जागा कोणतीही असो, हा अनुभव बैलगाडीच्या संथ चालीशिवाय आला नसता. दत्त कुटुंब सुमारे दोन वर्षे रायपूरच्या बूढापारा भागात राहिले. शेजारच्या बूढा तालाबाला आता विवेकानंद सरोवर म्हणतात आणि शहराच्या विमानतळालाही त्यांचेच नाव आहे.

त्यानंतर पाच वर्षांतच चित्र पालटले. नागपूर–छत्तीसगड रेल्वे 1882 पर्यंत राजनांदगावला पोचली. 1887 मध्ये स्थापन झालेल्या बंगाल–नागपूर रेल्वे कंपनीने ती ताब्यात घेऊन रुंद केली आणि रायपूरवरून पुढे नेली. 1891 मध्ये नागपूर–आसनसोल मार्ग पुरा झाला. पंधरवड्याचा प्रवास एका दिवसावर आला. लांबच्या वाटेवरचे पडाव ओस पडले आणि गाड्या स्थानकापर्यंतच्या वाहतुकीपुरत्या उरल्या. तांड्यांचा व्यापार मोडला. लमाण शेतीकडे आणि गुरांच्या खरेदी-विक्रीकडे वळले. जत्रांचे मुक्काम मात्र टिकले. महानदी, पैरी आणि सोंढूर यांच्या संगमावर राजिमला माघी पौर्णिमेपासून महाशिवरात्रीपर्यंत जत्रा भरते. नदीच्या कोरड्या वाळूत गाड्या सोडून कुटुंबेच्या कुटुंबे राहत. रायपूरच्या महादेव घाटावर कार्तिकी पौर्णिमेला असेच होई.

साहेबांचा तंबू हा याच काळातला दुसरा प्रवाह. जिल्ह्याचे अधिकारी थंडीत दौऱ्यावर निघत आणि उन्हाळ्यात शक्य तो पचमढीची वाट धरत. ती मध्य प्रांताची उन्हाळी राजधानी होती. उन्हात बाहेर राहत ते जंगल खात्याचे लोक आणि शिकारी. वणव्यांचे दिवस म्हणून जंगल खात्याला थांबावेच लागे. शिकाऱ्यांना हाच हंगाम सोयीचा: पाने गळून रान मोकळे होते, नाले आटतात आणि जनावर उरलेल्या पाण्यावर येते. पचमढीच्या पठाराशी ज्यांचे नाव जोडलेले आहे त्या कॅप्टन जेम्स फोर्सिथ यांच्या 1871 मध्ये निघालेल्या मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ मुलखावरील पुस्तकात या तंबूवासाचे तपशील भरपूर आहेत. बैलगाड्या सामान घेऊन रात्रीच पुढे जात आणि साहेब पोचे तेव्हा झाडाखाली तंबू उभा असे.

या सुखाची किंमत गावकरी मोजत. गाड्या, लाकूडफाटा, दूध, कोंबड्या, हमाल हे सारे गावाने पुरवायचे. मोबदला तुटपुंजा, कधी काहीच नाही. बेगारीविरुद्धचा राग साचत गेला. 1922 मध्ये तेव्हाच्या रायपूर जिल्ह्यातल्या धमतरीजवळ नगरी-सिहावाच्या आदिवासींनी जंगल सत्याग्रह केला, त्यामागे जंगलबंदीबरोबर बेगार आणि तुटपुंजी मजुरी हीदेखील कारणे होती. धमतरीतल्या ज्या कार्यकर्त्यांनी त्या चळवळीला साथ दिली, त्यांत नारायणराव मेघावाले आणि नत्थूजी जगताप ही मराठी नावे आहेत. पडावाचा जुना रिवाज परस्परांच्या सोयीवर उभा होता, तर साहेबाचा मुक्काम हुकुमावर. दोन्ही एकाच आमराईत होत असले तरी त्यांना एका मापाने मोजणे अन्यायाचे ठरेल.

स्वातंत्र्यानंतर जीप आली. काही वर्षे शिकारीचे तळ चालू राहिले. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते संपले. 1974 मध्ये सीतानदी आणि 1976 मध्ये बारनवापारा ही अभयारण्ये झाली. रानात वाटेल तिथे गाडी थांबवून चूल पेटवणे आता गुन्हा आहे, आणि वणव्याच्या दिवसांत तो असायलाच हवा. हौशी प्रवाशांचा ओघ धरणांकडे वळला. धमतरीजवळच्या गंगरेल धरणाच्या काठी आता राहण्याची सोय आणि नौकाविहार आहे, आणि रायपूरची कुटुंबे सुटीत तिथे गाड्या भरून जातात. महाराष्ट्र सरकारने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आखले. अशा गाड्यांना थांबण्यासाठी पाणी, वीज आणि स्वच्छतागृह असलेल्या जागा लागतात. सावलीही लागते, पण ती एका हंगामात उभी करता येत नाही.

नागपूरहून रायपूरला आज मोटारीने पाच-सहा तासांत पोचता येते. चौपदरी रस्ता जुन्या गावांना वळसा घालून जातो, त्यामुळे तलाव आणि आमराया प्रवाशाच्या नजरेलाही पडत नाहीत. रायपुरातला तेलीबांधा तलाव सुशोभित होऊन ‘मरीन ड्राइव्ह’ म्हणून गजबजला आहे, तर राजबंधा तलाव बुजून त्याचे मैदान झाले आहे. भंडारा, गोंदिया, राजनांदगाव, दुर्ग आणि रायपूर या जिल्ह्यांत जुन्या वाटेवरच्या पडावांची, त्यांच्या तलावांची आणि उरलेल्या आंब्यांची गावनिहाय नोंद स्थानिक इतिहास मंडळांनी आणि महाविद्यालयांनी आताच करावी. गाड्या हाकलेली शेवटची पिढी अजून सांगायला आहे.