देह नसलेल्या गावातला न्याय

गुन्हा घडायला देह लागतो काय? गेल्या तीस-पस्तीस वर्षांत संगणकाच्या जाळ्यावर जी आभासी जगे उभी राहिली, त्यांनी हा प्रश्न न्यायालयाच्या दारात आणून ठेवला आहे. या जगांत माणूस देहाने जात नाही. तो एक नाव घेतो, एक रूप घेतो आणि हजारो मैलांवरच्या माणसांबरोबर तेथे बोलतो, घर बांधतो, व्यापार करतो, भांडतो. तेथे चोऱ्या होतात, अत्याचार होतात आणि शिक्षाही होतात. या शिक्षांचा इतिहास मला महत्त्वाचा वाटतो. जेथे कायदा नव्हता तेथे तो कसा जन्मला आणि प्रथम कोणाच्या मदतीला धावला, हे त्यातून दिसते.

1990 साली कॅलिफोर्नियात, झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात, पावेल कर्टिस या संगणकतज्ज्ञाने 'लॅम्डामू' नावाचे जग सुरू केले. त्यात चित्रे नव्हती. वाडा, खोल्या, माणसे, त्यांच्या हालचाली, सारे काही पडद्यावर उमटणाऱ्या वाक्यांतून घडत असे. या जगाच्या यंत्रणेची किल्ली ज्यांच्या हाती होती त्यांना 'विझर्ड' म्हणजे जादूगार म्हणत. कोण राहील आणि कोण जाईल, हे त्यांच्या मर्जीवर होते. डिसेंबर 1992 मध्ये कर्टिस यांनी जाहीर केले की, जादूगार यापुढे केवळ यंत्रणा सांभाळतील, रहिवाशांच्या तंट्यांत पडणार नाहीत. राज्यकर्त्यांनी आपण होऊन सत्ता सोडली, असे वरवर पाहता वाटेल. परंतु सत्ता सोडताना त्यांनी मागे न्यायाची कोणतीच व्यवस्था ठेवली नव्हती. अशा पोकळीत सर्वांत आधी मोकळा होतो तो दांडगा!

मार्च 1993 मध्ये तेच घडले. 'मिस्टर बंगल' या नावाने वावरणाऱ्याने एका प्रोग्रामच्या साहाय्याने इतरांच्या पात्रांचा ताबा घेतला. त्या पात्रांवर लैंगिक अत्याचार होत असल्याची, इतकेच नव्हे तर ती स्वतःच किळसवाणी कृत्ये करीत असल्याची वाक्ये भरल्या बैठकीत सर्वांसमोर उमटू लागली. पात्रांमागची माणसे आपापल्या घरी सुरक्षित होती. कोणाच्या अंगाला बोटही लागले नव्हते. तरीही त्यांतील सिअ‍ॅटलच्या एका स्त्रीने या प्रकाराचा निषेध लिहिला तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, असे ज्युलियन डिबेल या पत्रकाराने त्याच वर्षीच्या डिसेंबरात 'व्हिलेज व्हॉइस'मधील लेखात नोंदवले आहे. हे अश्रू आभासी नव्हते.

काही दिवसांतच रहिवाशांची सभा भरली. बंगलला कायमचे नष्ट करावे असे काहींचे म्हणणे, तर शब्दांचा बलात्कार हा बलात्कार कसा, असा काहींचा सवाल. तासन् तास चर्चा झाली, निर्णय झाला नाही. अखेर एका जादूगाराने एकट्याच्या जबाबदारीवर बंगलचे पात्र पुसून टाकले. या शिक्षेला तेथे 'टोड' करणे म्हणत. जुन्या खेळांत गुन्हेगाराला बेडूक बनवीत, त्यावरून हा शब्द आला. त्यानंतर कर्टिस यांनी अर्ज आणि मतदान यांची पद्धत सुरू केली. पुरेशा सह्या मिळवून रहिवासी एखादी मागणी मताला टाकू शकत आणि ती संमत झाल्यास जादूगारांनी ती अमलात आणायची. एका अत्याचारातून एक लोकशाही जन्मली. पण किल्ली होती त्याच हातांत राहिली. मे 1996 मध्ये जादूगारांनी सांगून टाकले की, यंत्रणा आणि समाज यांचे निर्णय वेगळे ठेवणे अशक्य आहे, आणि सामाजिक निर्णयांचा अधिकार पुन्हा आपल्याकडे घेतला. आणि बंगल? तो दुसरे नाव घेऊन केव्हाच परत आला होता.

मित्रहो, या शिक्षेचे स्वरूप जरा नीट पाहा. आभासी जगाची सर्वांत मोठी शिक्षा म्हणजे हद्दपारी. आपल्याकडे तिला वाळीत टाकणे म्हणतात. पाणवठा बंद, दुकान बंद, बोलणे बंद. जातपंचायतींनी आणि गावगाड्याने हे हत्यार कसे वापरले, हे महाराष्ट्राला सांगावे लागत नाही. त्याविरुद्ध 2016 साली राज्याला स्वतंत्र कायदा करावा लागला. बंगलच्या बाबतीत हे हत्यार अत्याचाऱ्यावर चालले म्हणून आपल्याला बरे वाटते. परंतु आरोप कोणी सिद्ध केला? आरोपीचे म्हणणे कोणी ऐकले? दाद कोठे मागायची? ज्या न्यायाला या प्रश्नांची उत्तरे देता येत नाहीत, तो आज अत्याचाऱ्यावर पडतो आणि उद्या दुबळ्यावर पडतो.

आता दुसरी बाजू पाहू. चीनमध्ये शांघाय येथे एका खेळाडूने आपल्याला खेळात मिळालेली आभासी तलवार मित्राला वापरायला दिली. मित्राने ती 7,200 युआनला विकली. तलवार गमावलेला माणूस पोलिसांकडे गेला, तेव्हा अशा वस्तूला कायद्याचे संरक्षण नाही असे उत्तर मिळाले. मार्च 2005 मध्ये त्याने मित्राला भोसकून ठार केले. त्याला स्थगित मृत्युदंड झाला. खोटी मानलेली तलवार खऱ्या सुरीपर्यंत घेऊन गेली.

नेदरलँड्सने मात्र वेगळा मार्ग काढला. 2007 साली लेउवार्डन येथे दोन मुलांनी एका 13 वर्षांच्या मुलाला मारहाण केली, सुरीचा धाक घातला आणि 'रूनस्केप' या खेळातील त्याचा ताईत व मुखवटा आपल्या खात्यात वळवून घेतला. ही चोरी होते काय? तेथील सर्वोच्च न्यायालयाने 31 जानेवारी 2012 रोजी उत्तर दिले, होते. या निकालामागे 1921 सालचा एक जुना निकाल होता. त्यात एका दंतवैद्याने मीटर अडवून वीज चोरली होती आणि हाताला न लागणारी वीजही चोरीची वस्तू ठरली होती. मुलाने वेळ आणि श्रम खर्चून त्या वस्तू मिळवल्या होत्या, त्या त्याच्या ताब्यात होत्या आणि त्याला त्यांचे मोल होते, एवढे न्यायालयाला पुरेसे वाटले. वस्तू खेळ चालविणाऱ्या कंपनीच्या मालकीच्या आहेत, हा बचाव टिकला नाही. श्रमाला दिलेली ही मान्यता मला मोलाची वाटते.

कंपनी स्वतःच हिरावून घेते तेव्हा काय? 'सेकंड लाइफ' या जगात जमीन विकत घेणाऱ्या पेन्सिल्व्हेनियातील एका वकिलाचे खाते आणि मालमत्ता लिंडन या कंपनीने काढून घेतली. दाद मागायची तर आमच्या अटींप्रमाणे लवादाकडे जा, असे कंपनीचे म्हणणे. मे 2007 मध्ये अमेरिकेच्या संघीय न्यायालयाने ती अट एकतर्फी आणि अन्याय्य ठरवली. पुढे प्रकरण तडजोडीने मिटले. तरी एवढे सिद्ध झाले की, मालकाने लिहिलेला कागद हा अंतिम कायदा नाही.

म्हणजे ताईताला न्याय मिळाला, जमिनीलाही वाट मिळाली. माणसाच्या अप्रतिष्ठेचे काय? जानेवारी 2024 मध्ये बातमी आली की, 16 वर्षांखालील एका मुलीच्या आभासी पात्रावर झालेल्या सामूहिक अत्याचाराची ब्रिटिश पोलीस चौकशी करीत आहेत. लॅम्डामूनंतर एकतीस वर्षांनी प्रश्न तोच होता. देहाला स्पर्श नाही, मग गुन्हा कोणता?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना भारताच्या कायद्याकडे पाहावे, असे मी आग्रहाने म्हणेन. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचारांना प्रतिबंध करणाऱ्या 1989 च्या कायद्याने चार लोकांदेखत केलेली मानहानी हाच गुन्हा मानला. तेथे जखम दाखवावी लागत नाही. 2022 साली केरळ उच्च न्यायालयाने इंटरनेटवर टाकलेल्या चित्रफितीलाही तो लागू होऊ शकतो असे सांगितले. एका आदिवासी स्त्रीच्या अपमानाचे ते प्रकरण होते. पीडित व्यक्ती समोर हजर नव्हती, हा बचाव न्यायालयाने मानला नाही. ती चित्रफीत कोणी पाहील त्या प्रत्येक वेळी ती व्यक्ती तेथे हजर आहे, असे धरले. पिढ्यान् पिढ्या शब्दांनी जाळले गेलेल्यांनी झगडून मिळवलेले हे ज्ञान आहे. आभासी जगाच्या कायदेपंडितांनी ते शिकून घ्यावे.

1921 साली विजेला वस्तू मानायला न्यायाधीश कचरले नाहीत. मग माणसाच्या मानाला माणसाचाच भाग मानायला कचरायचे कारण काय? आभासी जगांना हद्दपारी करणारे जादूगार पुष्कळ मिळाले. त्यांना हवे आहे ते लिखित कायद्याचे, दोन्ही बाजू ऐकणारे आणि मालकालाही जाब विचारणारे न्यायासन. ते उभे राहीपर्यंत ही सारी जगे म्हणजे पाटलाच्या मर्जीवर चालणारी गावेच आहेत!